पाच वर्षांनी पांढरं कोण राहिलं? एका छतावरच्या सहा कोटिंगची कहाणी

इमारत साधी. दोन मजले, वर सपाट स्लॅब आणि त्याला लागून पत्र्याच्या छपराची कार्यशाळा. स्लॅब ३२० चौरस मीटर, पत्रा त्याच्या निम्मा. देखभालीचं काम माझ्याकडे आलं तेव्हा स्लॅबवर आधीच एक पांढरं 'हीट रिफ्लेक्टिव्ह' कोटिंग होतं, चार वर्षांचं. पांढरं म्हणायचं ते कागदावर. प्रत्यक्षात रंग राखाडी झालेला, कठड्याच्या कडेने पोपडे सुटलेले, आणि पावसाळी पाइपच्या तोंडाशी, जिथे पाणी साचायचं, तिथे तर खालचं काँक्रीट उघडं पडलेलं. वरच्या मजल्यावर बसणाऱ्यांचं म्हणणं एकच: पहिल्या उन्हाळ्यात फरक पडला, मग पुन्हा भट्टी.

नवं कोटिंग मारायचं ठरलं. बैठकीत टेबलावर तीन विक्रेत्यांची तीन माहितीपत्रकं होती. परावर्तनाचे, म्हणजे पडलेल्या उन्हाचा किती भाग परत फेकला जातो त्याचे, आकडे तिन्हींवर जवळपास सारखे, ०.८० च्या वर. आयुष्यही तिन्हींवर तेच, दहा वर्षं. मी विचारलं, हा ०.८० चा आकडा कोणत्या वयाचा? तिघांचंही उत्तर फिरून फिरून तिथेच आलं: नव्या कोटिंगचा. मला हवा होता पाचव्या वर्षीचा. तो कोणत्याच पत्रकावर नव्हता. म्हणून आम्ही ठरवलं की पूर्ण छत रंगवण्याआधी छोटे तुकडे मारून वाट बघायची. तोवर उरलेल्या छतावर दरवर्षी नुसती सफेदी. काहींना हा वेळकाढूपणा वाटला, आणि खरं सांगायचं तर पहिल्या दोन वर्षांत मलाही अधूनमधून तसंच वाटायचं.

जुनं कोटिंग कशाने गेलं

नवं निवडण्याआधी जुन्याचं शवविच्छेदन करणं भाग होतं. जुन्या नोंदवहीत माल आल्याची नोंद सापडली: वीस लिटरचे चार डबे. म्हणजे ३२० चौरस मीटरला ८० लिटर. इथे एक हिशेब उपयोगी पडतो. एक लिटर माल एक चौरस मीटरवर सारखा पसरला की ओला थर बरोबर एक मिलिमीटरचा, म्हणजे १००० मायक्रॉनचा होतो. आमच्याकडे चौरस मीटरला पाव लिटर पडला होता, म्हणजे ओला थर २५० मायक्रॉन. पाण्यातल्या अ‍ॅक्रिलिकमध्ये आकारमानाने साधारण निम्माच भाग घन असतो, बाकीचं उडून जातं. सुकल्यावर राहिले १२५ मायक्रॉन. तेही मालात वरून पाणी ओतलं नव्हतं असं धरून, आणि तसं धरायला मला काही आधार नव्हता.

छतावरच्या लवचीक कोटिंगचा सुका थर ५०० मायक्रॉनच्या आसपास हवा. त्यासाठी आमच्या छताला ३२० लिटर, म्हणजे सोळा डबे लागले असते. सोळा डब्यांचं काम चार डब्यांत उरकलं होतं. तेव्हापासून 'तो माल खराब निघाला' हे वाक्य मी बैठकीत कुणाला म्हणू दिलं नाही. माल कसा होता हे कळायला तो आधी छतावर असावा लागतो.

दुसरी गोष्ट एका पोपड्याने सांगितली. हाताएवढा पोपडा उचलून उलटा केला तर त्याच्या पाठीला सिमेंटची करडी भुकटी चिकटलेली. म्हणजे कोटिंगने पकड सोडली नव्हती. त्याने पकड घेतली होती ती स्लॅबवरच्या मऊ, भुसभुशीत सायीवर, आणि ती सायच काँक्रीटपासून सुटली होती. मारण्याआधी तारेचा ब्रश फिरला नव्हता. पोपडा सुटला की माणसं कोटिंगची वरची बाजू न्याहाळतात. माहिती असते पाठीवर.

सतरा चौकोन

सहा प्रकार घेतले. शुद्ध अ‍ॅक्रिलिक. त्याचा स्वस्त भाऊ, स्टायरीन मिसळलेलं अ‍ॅक्रिलिक. सिलिकोन. पॉलियुरेथेन, खाली अ‍ॅरोमॅटिक आणि वर अ‍ॅलिफॅटिक थर असलेलं (पहिल्याचा रंग उन्हात टिकत नाही, दुसऱ्याचा टिकतो). बिट्युमिनमधलं, म्हणजे डांबरी मालातलं, चंदेरी अ‍ॅल्युमिनियम. आणि तुलनेसाठी साधी चुन्याची सफेदी. जागा तीन: स्लॅबचा चांगला उताराचा भाग, स्लॅबचा पाणी साचणारा भाग, आणि पत्रा. पत्र्यावर चुना मारला नाही, म्हणून अठराऐवजी सतरा चौकोन. प्रत्येक चौकोन दोन मीटर बाय दोन मीटर. मध्ये एक पट्टी कोरीच ठेवली.

चौकोनांच्या मापात माझी चूक झाली ती इथेच सांगतो. छतावर उभं राहून परावर्तन मोजायची एक प्रमाणित पद्धत आहे, एएसटीएम या मानकसंस्थेची ई १९१८. तिच्यात सूर्यप्रकाश मोजणारं उपकरण पृष्ठभागापासून ५० सेंटिमीटर उंचीवर धरून एकदा वर, एकदा खाली तोंड करतात. त्याला किमान चार मीटर बाय चार मीटरचा सलग पृष्ठभाग लागतो. आमचे चौकोन होते दोन मीटरचे. उपकरणाला शेजारचे चौकोनही दिसणार, म्हणजे आकडा फुकट. हे कळलं तेव्हा सगळं मारून झालं होतं. चौकोनाला टेकवून मोजणारं छोटं परावर्तनमापक मिळालं असतं तर काम झालं असतं. ते मिळालं नाही, म्हणून आम्ही पृष्ठभागाचं तापमान, बोटाला येणारी भुकटी, चिकटपट्टीला निघणारे पोपडे आणि डोळे यांच्यावर भागवलं. कागदावरच्या आकड्यांइतकं ते नेटकं नाही. पण पाच वर्षं एकाच छतावर एकाच माणसाने पाहिलेलं आहे.

थराची जाडी मात्र नीट सांभाळली. ओला थर मोजायची पत्र्याची फणी मिळते, वेगवेगळ्या लांबीच्या दातांची. ती ओल्या थरात टेकवायची आणि कोणत्या दातापर्यंत माल लागला ते पाहायचं. काम करणारा रंगारी अनुभवी होता. फणी बघून तो म्हणाला, "साहेब, एका हातात एवढा जाड मारला तर सुकणार कधी?" त्याचं बरोबर होतं. पाण्यातलं अ‍ॅक्रिलिक एका दमात जाड मारलं तर वर साय धरते, आतलं पाणी अडकतं आणि पहिल्याच पावसात थर मऊ पडतो. मग तीन हातांत वाटून मारलं, प्रत्येक हात आधीच्याला आडवा. सिलिकोनला तीन हात लागले नाहीत, कारण त्यात आकारमानाने नव्वद टक्क्यांच्या वर घनभाग असतो. जे मारलं ते जवळजवळ सगळं राहतं. डब्याची डब्याशी तुलना करणारे इथेच फसतात. ५०० मायक्रॉनसाठी अ‍ॅक्रिलिक चौरस मीटरला एक लिटर लागतं, सिलिकोन साधारण त्याच्या निम्मं. डब्याचा भाव दुप्पट असला तरी छताचा खर्च दुप्पट होत नाही.

थर्मामीटरने केलेली चेष्टा

पहिल्या उन्हाळ्यात दुपारी एक वाजता मी बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन वर गेलो. बाकीचे पांढरे चौकोन आकड्यांत एकमेकांच्या अवतीभवती होते. चंदेरी चौकोनावर नेम धरला तर आकडा सगळ्यांत कमी! क्षणभर वाटलं, सगळ्यात स्वस्त मालांपैकी एकाने बाजी मारली. मग सवयीने तळहात टेकवला आणि झटक्यात उचलला. चटका बसला होता. शेजारच्या पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकवर हात आरामात राहत होता.

गंमत उपकरणाची होती. हा थर्मामीटर पृष्ठभागातून निघणारी उष्ण किरणं मोजतो, आणि पृष्ठभागाची उत्सर्जनशीलता, म्हणजे उष्णता किरणांतून बाहेर टाकायची क्षमता, ०.९५ आहे असं गृहीत धरूनच तापमान दाखवतो. पांढऱ्या कोटिंगांची उत्सर्जनशीलता ०.९ च्या आसपास, त्यामुळे तिथे तो फारसा चुकत नाही. अ‍ॅल्युमिनियमचा खवल्यांसारखा पसरलेला थर मात्र उष्णता बाहेर टाकण्यात कंजूष असतो. कमी टाकतो म्हणून थर्मामीटरला तो गार वाटतो. प्रत्यक्षात टाकत नाही, म्हणूनच तर तो तापतो. पुढच्या फेरीला मी प्रत्येक चौकोनावर काळ्या विजेच्या टेपचा एक तुकडा चिकटवला, तो छताच्या तापमानाला येऊ दिला आणि नेम टेपवर धरला. चंदेरी चौकोनाचा आकडा लगेच सरळ झाला: कोऱ्या स्लॅबपेक्षा गार, पण पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकपेक्षा चांगलाच गरम.

छताच्या मालावर एसआरआय (सोलर रिफ्लेक्टन्स इंडेक्स) नावाचा एकत्रित निर्देशांक छापतात तो याच कारणाने. परावर्तन ०.०५ आणि उत्सर्जनशीलता ०.९० असलेला प्रमाण काळा पृष्ठभाग म्हणजे शून्य, ०.८० आणि ०.९० असलेला प्रमाण पांढरा म्हणजे १००. परावर्तन आणि उत्सर्जन, दोन्ही त्यात येतात. चकाकी म्हणजे थंडावा नव्हे, हे मला टेपच्या तुकड्याने शिकवलं.

मळ

पहिल्या वर्षअखेरीस पांढरे चौकोन पांढरे राहिले नव्हते. हे अपेक्षितच होतं. परावर्तनातली सर्वांत मोठी घसरण पहिल्या एक-दोन वर्षांतच होते आणि नंतर ती मंदावते. धूळ, काजळी आणि ओल राहते तिथे शेवाळ, हे तिघं मिळून काम करतात. पाऊस थोडं धुतो, पुन्हा बसतं.

ही घसरण किती महाग पडते हे आकड्यांत पाहण्यासारखं आहे. भर दुपारी छतावर चौरस मीटरला सुमारे १००० वॅट ऊन पडतं असं धरा. परावर्तन ०.८० असेल तर छत २०० वॅट शोषतं. ते ०.६० वर आलं की ४०० वॅट. परावर्तन पाव भागाने कमी झालं, पण शोषलेली उष्णता दुप्पट झाली. 'पहिल्या उन्हाळ्यात फरक पडला, मग पुन्हा भट्टी' या तक्रारीचं गणित एवढंच आहे.

म्हणून जुना, मुरलेला आकडा विचारायचा. अमेरिकेतली कूल रूफ रेटिंग कौन्सिल नमुने तीन वर्षं उघड्यावर ठेवून असे आकडे जाहीर करते, तेही तीन वेगळ्या हवामानांत: उष्ण-कोरडं अ‍ॅरिझोना, उष्ण-दमट फ्लोरिडा आणि थंडी असलेलं ओहायो. असा आकडा नसेल तर कॅलिफोर्नियाच्या ऊर्जा नियमांत एक कामचलाऊ सूत्र आहे: नव्या परावर्तनातून ०.२ वजा करा, जागेवर मारलेल्या कोटिंगसाठी उरलेल्याला ०.६५ ने गुणा, आणि पुन्हा ०.२ मिळवा. पत्रकावर ०.८५ असेल तर उत्तर येतं ०.६२. विक्रेत्याला हा हिशेब समोर बसवून करून दाखवावा. चेहरा बघण्यासारखा होतो.

आता चौकोनांकडे. सगळ्यांत जास्त मळला तो सिलिकोन. नवा असताना तोच सगळ्यांत झगझगीत होता, डोळे दिपवणारा. पण त्याच्या पृष्ठभागाला धूळ धरून ठेवायची खोड असते, आणि दुसऱ्या वर्षी तो अ‍ॅक्रिलिकपेक्षा गडद दिसायला लागला. अ‍ॅक्रिलिकची गोष्ट उलटी. त्याचा वरचा पापुद्रा ऊन-पावसाने हळूहळू भुकटी होऊन झिजतो. बोट फिरवलं की खडूसारखं पांढरं लागतं. ही झीज म्हणजे आयुष्य कमी होणंच, पण त्या भुकटीबरोबर थोडा मळही निघून जातो. म्हणजे अ‍ॅक्रिलिक कात टाकत टाकत स्वच्छ राहतं आणि सिलिकोन कात न टाकता मळत जातं. ज्याला टिकाऊपणा म्हणायचं आणि ज्याला कामगिरी म्हणायची, त्या दोन गोष्टी इथे चक्क विरुद्ध दिशांना जातात. मी जर फक्त 'कोण झिजलं नाही' एवढंच पाहिलं असतं तर सिलिकोन निर्विवाद पहिला आला असता.

तिसऱ्या वर्षी प्रत्येक चौकोनाचा अर्धा भाग धुतला: पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश. शेवाळ होतं तिथे पातळ केलेलं हायपोक्लोराइट (ब्लीच) थोडा वेळ ठेवून भरपूर पाण्याने धुतलं. धुतल्यावर सिलिकोन पुन्हा जवळजवळ नव्यासारखा झाला. ओलं फडकं एकदा फिरवलं तरी पांढरा पट्टा उमटायचा. खालचा माल जसाच्या तसा होता, मळ वरवरचा होता. मात्र ओला सिलिकोन इतका निसरडा असतो की त्या दिवशी आमचा एक माणूस बादलीसकट बसला. सपाट छत होतं म्हणून हसण्यावारी गेलं. पत्र्याच्या उतारावर असता तर हसलो नसतो. तेव्हापासून सिलिकोनच्या भागावर ओलं असताना पाय ठेवायचा नाही असा नियम आहे.

स्टायरीनवाल्या चौकोनाला धुऊन काही उपयोग झाला नाही. तो मळला नव्हता, पिवळा पडला होता. स्टायरीन अतिनील किरणं सोसत नाही. तिसऱ्या वर्षी त्याच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगाही दिसल्या. नव्या डब्यात तो शुद्ध अ‍ॅक्रिलिकपासून वेगळा ओळखता आला नव्हता. वास तोच, रंग तोच.

चुन्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मारला तेव्हा शुभ्र, पहिल्या मोठ्या पावसाच्या मोसमानंतर अर्धा वाहून गेला. त्याच्याकडून टिकाऊपणाची अपेक्षा कुणी केलीही नव्हती. दरवर्षी मारायची तयारी असेल तर तो लबाड नाही, एवढं त्याच्या बाजूने म्हणता येईल.

पाणी

उन्हापेक्षा पाण्याने जास्त निकाल लावले. पाऊस थांबल्यावर ४८ तासांनीही छतावर पाणी राहिलं तर त्याला साचणं म्हणतात, असा सर्वसाधारण दंडक आहे. आमच्या पाइपच्या तोंडाजवळ ते तीन-चार दिवस राहायचं.

तिथला शुद्ध अ‍ॅक्रिलिकचा चौकोन दुसऱ्या वर्षीच फुगला. उताराच्या भागातला चौकोन ठणठणीत, आणि चार मीटरवर, त्याच डब्यातला, त्याच दिवशी मारलेला हा चौकोन नखाने निघत होता. अ‍ॅक्रिलिक पाण्यात राहिलं की पाणी पितं, मऊ होतं आणि पकड सैल करतं. डबक्याच्या तळाशी गाळ साचून सुकला की त्याच्या खपल्या कडा वर करून वळतात, आणि वळताना मऊ पडलेल्या कोटिंगला सोबत उचलतात. मी एक खपली उचलली तर तिच्यासोबत नाण्याएवढं कोटिंग आलं. डबक्याच्या काठावर, पाणी वर-खाली होतं त्या रेघेवर, नुकसान सगळ्यांत जास्त होतं, मध्यभागापेक्षाही.

सिलिकोनला याचं काहीच वाटलं नाही. त्याचा कणा सिलिकॉन-ऑक्सिजन बंधांचा, कार्बनच्या साखळीपेक्षा मजबूत, आणि पाण्याने तो सुटत नाही. डबक्यातला चौकोन चिखलाने काळा झाला होता. धुतला तर खाली अखंड.

पॉलियुरेथेनने पाणी सोसलं, पण तिथे वेगळाच घोटाळा होता. मारल्याच्या दुसऱ्या दिवशी पृष्ठभागावर टाचणीच्या डोक्याएवढे फुगे. पॉलियुरेथेनमधलं आयसोसायनेट ओलाव्याशी मिसळलं की कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो, आणि स्लॅब आतून ओला होता. खरं तर तपासणी सोपी आहे: प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी टेपने स्लॅबवर चिकटवून किमान सोळा तास ठेवायचा, आणि खालून थेंब धरले किंवा काँक्रीट काळवंडलं तर थांबायचं. उताराच्या भागात आम्ही ती केली होती, डबक्याच्या भागात 'ऊन आहे, सुकलंच असेल' म्हणून केली नाही. आणखी एक: स्लॅब सकाळी तापत जातो तेव्हा आतली हवा प्रसरण पावून बाहेर येते आणि ओल्या थराला भोकं पाडते. दुपार कलल्यावर, स्लॅब गार होत असताना मारलं की हा त्रास कमी होतो. दुसऱ्या खेपेला आम्ही तसंच केलं आणि फुगे आले नाहीत.

पॉलियुरेथेनचा खरा गुण वेगळ्याच ठिकाणी दिसला. वातानुकूलन यंत्रांकडे जाणारी पायवाट नेमकी त्याच्या उताराच्या भागातल्या चौकोनावरून जात होती. लोक चालले, शिडी ओढली, यंत्राचं झाकण आपटलं. अ‍ॅक्रिलिक तिथे टिकलं नसतं. ओरखडा खोल गेला तिथे मात्र खालचा अ‍ॅरोमॅटिक थर उघडा पडून तपकिरी झाला. वरचा अ‍ॅलिफॅटिक थर रंग सोसतो, खालचा सोसत नाही. त्या तपकिरी रेघा म्हणजे वरचा थर कुठे संपला त्याचा नकाशाच होता.

पत्रा

पत्र्यावर कोटिंग स्वतः कुठे फाटतं हे पाहायचं असेल तर मधल्या सपाट भागाकडे बघून उपयोग नाही. पोलाद एका अंश सेल्सिअसला दर मीटरमागे ०.०१२ मिलिमीटर प्रसरण पावतं. सहा मीटरचा पत्रा दिवस-रात्रीत ४० अंशांनी तापला-निवला तर टोकाला जवळजवळ तीन मिलिमीटर सरकतो. ही सरक जोडावर आणि स्क्रूच्या भोकांवर येते. पाचही चौकोनांत मधला भाग शाबूत होता आणि जोडावर बारीक चीर होती. फक्त प्रमाण कमी-जास्त. चंदेरी बिट्युमिनची चीर सगळ्यांत वाईट, कारण ऊन खाऊन त्याचा बांधणारा माल कडक झालेला. सिलिकोनची सगळ्यांत कमी. एका जोडावर रंगाऱ्याने, मी न सांगता, पहिल्या ओल्या हातात पॉलिएस्टर कापडाची पट्टी बसवून वरून दुसरा हात मारला होता. तिथे अ‍ॅक्रिलिकलाही चीर नव्हती. कोणता माल या वादापेक्षा ती हातभर रुंदीची पट्टी जास्त कामाची ठरली.

पुन्हा मारायची वेळ आली तर

पाचव्या वर्षी मी एक प्रयोग केला जो सुरुवातीच्या बेतात नव्हता. प्रत्येक चौकोनाचा धुतलेला अर्धा भाग घेऊन त्यावर ताजं अ‍ॅक्रिलिक मारलं. शेवटी कोणतंही कोटिंग कधीतरी संपणार. प्रश्न हा की त्याच्या वर पुढचं बसतं का.

जुन्या अ‍ॅक्रिलिकवर नवं एकजीव झालं. पॉलियुरेथेनवर घासून घेतल्यावर बसलं. सिलिकोनवरचं महिनाभराने टेप लावून ओढलं तर दुधावरच्या सायीसारखं अख्खं निघून आलं, हातभर, एकही ठिपका मागे न ठेवता. सिलिकोनवर सिलिकोनच बसतो. एकदा तो छतावर आला की पुढच्या सगळ्या निर्णयांत तो असणार. माहितीपत्रकावर दहा वर्षांचं आयुष्य छापलेलं असतं. अकराव्या वर्षी काय करायचं ते नसतं.

मग काय मारलं

एकच माल पूर्ण छताला मारायचा हा हट्ट इथे सोडला. आधी डबकं संपवलं. पाइपच्या तोंडाकडे पॉलिमर घातलेल्या मसाल्याचा उतार दिला, त्यामुळे साचणारा भाग पंचवीस-तीस चौरस मीटरवरून चारपाच चौरस मीटरवर आला. स्लॅब तारेच्या ब्रशने घासला, भुसभुशीत साय काढली, प्लास्टिकची तपासणी या खेपेला सगळीकडे केली. मग पूर्ण स्लॅबवर शुद्ध अ‍ॅक्रिलिक तीन हातांत, डबे मोजून, सोळाला एक जास्तच. पायवाटेवर अ‍ॅलिफॅटिक पॉलियुरेथेन, घसरू नये म्हणून वाळू टाकून. पत्र्यावर अ‍ॅक्रिलिकच, पण प्रत्येक जोडावर आणि स्क्रूंच्या रांगेवर कापडाची पट्टी. आणि पाइपच्या तोंडाशी उरलेल्या तेवढ्या भागावर सिलिकोन.

सिलिकोन अ‍ॅक्रिलिकच्या वर यायला हवा, उलटं चालत नाही. वर सांगितलेल्या सायीच्या अनुभवानंतर हे सांगायची गरज नव्हती. तरी काम करणाऱ्यांपैकी एकाने कडेला रोलर फिरवताना सिलिकोनवर वीतभर अ‍ॅक्रिलिक चढवलं. दिसायला एकदम सफाईदार होतं. पहिल्याच पावसानंतर ती कड ओठासारखी वर आली. आम्ही ती कापून काढली.

हे सगळं मारून चार वर्षं झाली. वर्षातून एकदा, कोरड्या दिवसांच्या शेवटी, छत धुतलं जातं आणि नोंदवहीत तारीख, पाण्याचा साठा कुठे दिसला, बोटाला भुकटी किती आली हे लिहिलं जातं. वरच्या मजल्यावरच्या तक्रारी पूर्ण थांबल्या नाहीत. छताच्या खालून उष्णतारोधक थर नाही, आणि कोटिंगने त्याचं काम होत नाही. ते वेगळं अंदाजपत्रक आहे. या वर्षीच्या पाहणीत पत्र्याच्या उत्तरेकडच्या दोन जोडांवर अ‍ॅक्रिलिक पातळ होऊन खालच्या कापडाची वीण दिसायला लागली आहे. तिथे धुऊन एक हात द्यायचा आहे. माल आणून ठेवला आहे, फणीही.